आजचं चिंतन : "ठाऊक नाही" म्हणणारं सूक्त

॥ श्री ॥

आजचं वाचन : ऋग्वेद, दहावं मंडल, सूक्त १२९ (नासदीय सूक्त)

आजचं सूक्त अवघ्या सात ऋचांचं आहे. थोड्या मोठ्या वयाच्या वाचकांना दूरदर्शनवरच्या 'भारत एक खोज'चं शीर्षकगीत आठवत असेल, ते याच सूक्तावर आधारलेलं होतं.

विषय आहे सृष्टीची सुरुवात. ऋषी आधी काय काय नव्हतं ते सांगतात, मग जपून एक अंदाज बांधतात, आणि शेवटी स्वतःच्याच अंदाजाला प्रश्न विचारतात. देवसुद्धा सृष्टीनंतर आलेले, मग खात्रीने सांगणार कोण? सगळ्यांच्या वर बसून जो हे पाहतो त्याला तरी ठाऊक असेल का, या शंकेवर सूक्त थांबतं. पुढे उत्तर नाही.

आजचा प्रश्न यातूनच निघतो. श्रद्धा असलेल्या माणसाने "मला ठाऊक नाही" म्हटलं, तर तो श्रद्धेतला कमीपणा की श्रद्धेचाच भाग?

हा प्रश्न सध्या जवळचा वाटतो, कारण सृष्टीच्या सुरुवातीच्या दिशेने माणूस खरोखर डोळे लावून बसला आहे. जेम्स वेब अवकाश दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी उडाली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, पाच पदरी छत्रीच्या सावलीत ती काम करते. तिचा आरसा साडेसहा मीटरचा, १८ षटकोनी तुकडे जोडून केलेला.

माझ्या कामात सर्व्हर रात्री तीन वाजता का बसला हे बघायचं तर आम्ही सकाळी लॉग उघडतो. घटना होऊन गेलेली असते, नोंद मागे उरते. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश असाच. तो निघाला तेव्हा विश्व कोवळं होतं, आपल्यापर्यंत पोचतो आज. वाटेत विश्व प्रसरण पावत गेल्यामुळे त्याची लहर ताणली जाते आणि तांबड्याच्याही पलीकडे, अवरक्त पट्ट्यात जाते. याला ताम्रसृती म्हणतात, इंग्रजीत रेडशिफ्ट. ताण जितका जास्त तितका प्रकाश जुना. वेब दुर्बीण अवरक्तासाठीच बांधली आहे.

विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. २०२४ मध्ये जाहीर झालेली 'जेड्स-जीएस-झेड१४-०' ही दीर्घिका आपल्याला दिसते ती महास्फोटानंतर ३० कोटी वर्षंही पुरी झाली नव्हती त्या काळातली. २०२५ मध्ये चिलीतल्या अल्मा दुर्बिणींना तिच्यात ऑक्सिजन सापडला. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो आणि तारा संपताना बाहेर पडतो. म्हणजे इतक्या लवकर तिथे काही तारे जन्मून, जळून संपलेसुद्धा होते! अशा तेजस्वी दीर्घिका अपेक्षेपेक्षा जास्त सापडताहेत. का, यावर वाद चालू आहे. तारे एकदम झपाट्याने बनत असतील, धूळ कमी असेल, काही प्रकाश कृष्णविवराभोवतालचा असेल.

आणि इथेच आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांचा फॉरवर्ड आला. महास्फोटाचा सिद्धांत कोसळला, शास्त्रज्ञ गोंधळले, आपल्या ऋषींना हे हजारो वर्षांपूर्वीच माहीत होतं. खाली नासदीय सूक्ताचं नाव आणि हात जोडल्याची चित्रं.

पहिल्या दीर्घिका किती वेगाने वाढल्या याचे हिशेब अपुरे पडले, हे खरं आहे. पण विश्व प्रसरण पावतंय ही गोष्ट त्याने बदलली नाही. आकाशभर पसरलेलं सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारणही जागच्या जागी आहे. महास्फोट कोसळलेला नाही. म्हणजे फॉरवर्ड चुकीचा होता. पण मला त्याहून जास्त खटकलं ते हे, की जे सूक्त प्रश्नावर थांबतं त्याला आपण उत्तर म्हणून पुढे ढकलत होतो. ऋषींनी मुद्दाम उघडं ठेवलेलं दार आपण त्यांच्याच नावाने लावून घेत होतो.

शास्त्रज्ञांच्या गोंधळाबद्दलही एक घडलेली गोष्ट सांगतो. २०२२ च्या उन्हाळ्यात 'सीअर्स-९३३१६' नावाचा एक ठिपका गाजला. वेगवेगळ्या फिल्टरमधल्या तेजावरून अंदाज निघाला, की हा महास्फोटानंतर जेमतेम २४ कोटी वर्षांनंतरचा. तेव्हाचा विक्रमच. मग २०२३ मध्ये त्याच दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला, म्हणजे प्रकाश विस्कटून रेषा मोजल्या. काळ निघाला सुमारे १२० कोटी वर्षांनंतरचा. धूळ आणि काही तेजस्वी रेषा अशा जुळून आल्या होत्या की जवळची दीर्घिका दूरची भासली. विक्रम गेला. तो ज्यांनी मोडला त्यांनीच त्याच अभ्यासात दुसऱ्या एका दीर्घिकेचं मोठं अंतर पक्कं केलं. दोन्ही निकाल एकाच लेखात, एकाच सुरात छापले गेले. याला गोंधळ म्हणायचं का? मला तर ही साधना वाटते. आपल्या हातातला आवडता आकडा तपासायला देणं आणि तो गेला तर जाऊ देणं.

आता मामांना काय म्हणायचं? गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं खरं हवं, प्रिय हवं, हिताचं हवं आणि समोरच्याचं मन ढवळून काढणारं नको. सगळ्या अटी एकदम. ग्रुपवर चारचौघांत "हे खोटं आहे" लिहिलं तर पहिली अट पाळली जाते, बाकीच्या मोडतात. हात जोडल्याचं चित्र टाकून गप्प बसलो तर पहिलीच मोडते. म्हणून मी फोन केला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तू म्हणतोस तसं असेल. पण आम्हाला शाळेत हेच ऐकवलं, की आपल्याकडे काही नव्हतं, सगळं तिकडून आलं. त्याचं काय करायचं?"

त्यांचं दुखणं खरं आहे. असे फॉरवर्ड खोटेपणाच्या हौसेतून कमी आणि या दुखण्यातून जास्त फिरतात, असं मला वाटतं. त्यावर "विज्ञान वाचा" हे औषध नाही. मी त्यांना अलकनंदेबद्दल सांगितलं.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या दोन संशोधकांना वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत एक सर्पिल दीर्घिका सापडली. २०२५ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. आपल्या आकाशगंगेसारखेच दोन रेखीव बाहू, आणि काळ महास्फोटानंतर फक्त सुमारे १५० कोटी वर्षांचा. इतक्या लवकर इतकी घडी बसलेली दीर्घिका असेल अशी अपेक्षा नव्हती. आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, म्हणून तिच्या या दूरच्या बहिणीचं नाव त्यांनी अलकनंदा ठेवलं. हिमालयातल्या दोन नद्यांची नावं. आणि हे बाहू कसे तयार झाले हे ठरवायला आणखी निरीक्षणं लागतील, हेही त्यांनी सांगून ठेवलंय.

"पुण्यात? आपल्या पुण्यात?" मामांनी दोनदा विचारलं. आधीचा फॉरवर्ड त्यांनी काढला नाही, पण त्याच्याखाली अलकनंदेचा फोटो टाकला. मला तेवढं पुष्कळ वाटलं.

माझं उत्तर असं. देव सत्यस्वरूप आहे असं मी मानतो, तर त्याच्या बाजूने बोलताना मला एकही खोटी साक्ष लागू नये. वेदांना दुर्बिणीच्या प्रमाणपत्राची गरज नाही आणि दुर्बिणीलाही वेदांच्या शिक्क्याची नाही. वेदांचा अभिमान बाळगायचा असेल तर या गोष्टीचा बाळगू, की सृष्टीच्या आरंभापाशी उभं राहून "कोण जाणे" म्हणणारा माणूस आपल्या पूर्वजांनी अधर्मी ठरवला नाही. त्याचं म्हणणं पाठ केलं आणि पिढ्यानपिढ्या जपलं. ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे तो हात कशाला जोडेल?

आजचा संकल्प : देवाधर्माच्या नावाने आलेला एखादा मेसेज पुढे पाठवण्याआधी तो खरा आहे का हे एकदा तपासू. तपासता आलं नाही, तर आपल्यापाशीच ठेवू.

॥ शुभं भवतु ॥