भक्कम गाडी

पांढरकवड्याजवळच्या महामार्गावर एका रात्री माझ्या भाच्याची गाडी कापसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. गाडीचे नाक पार आत गेले. भाचा मात्र गुडघ्याला खरचटून चालत बाहेर आला. दुसऱ्या दिवशी काका ती गाडी पाहायला गेले. त्यांनी जन्मभर अ‍ॅम्बेसेडर चालवलेली. चेपलेल्या बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, "हा काय पत्रा आहे? पापड आहे! आमच्या गाडीला पोचाही आला नसता."

काकांचा अभिमान अगदीच खोटा नाही. बंगालमधल्या उत्तरपाड्याला 2014 पर्यंत बनणारी ती गाडी खड्ड्यांतून आठ-नऊ माणसे सहज न्यायची. बिघडली तर आर्णीचा कोणताही मिस्त्री पाना-हातोडीने तिला चालू करून द्यायचा. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले तरी आपल्याला काही उमगत नाही.

पण वाचकहो, भक्कम म्हणायचे कशाला? अमेरिकेत 2009 साली विमा कंपन्यांच्या एका संशोधन संस्थेने 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची शेवरोले मालिबू ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवल्या. दोन्हींत माणसाऐवजी बाहुले बसवले होते. जुन्या गाडीत चालकाची जागाच चेपली. तिथे खरा माणूस असता तर जागीच गेला असता. नव्या गाडीतल्याला पायाला किरकोळ दुखापत झाली असती, इतकेच. धक्का कुठेतरी जायचाच असतो. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा केलेला असतो. जुन्या गाडीत तशी योजनाच नव्हती, त्यामुळे धक्का थेट आतल्या माणसापर्यंत पोचायचा. (नवे ते सगळे चांगले असेही नाही. 2014 साली ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या गाड्या तपासल्या, पाचही शून्यावर आल्या.)

हे काकांना समजावताना माझाच आवाज मला खटकला. शेताच्या धुऱ्यावरून मी धाकट्या भावाशी सहा वर्षे बोललो नाही. "मी वाकणारा माणूस नाही," हे मी चार लोकांत मिरवत आलो. माझ्यावर खरोखर ओरखडा उठला नाही. पोळ्याला आई दोन घरी दोनदा जेवायची, दोन्हीकडे अर्धपोटी उठायची. तिला कुठे लागले, हे मी कधी विचारले नाही. धुरा हातभर सरकला असता तर माझे काय गेले असते? दोन तास कापूस कमी, आणि थोडा मान.

परवा भावाला फोन लावला. त्याने उचलला नाही. उद्या त्याच्या घरीच जाणार आहे, आईला सोबत न घेता.