कळा सुरू झाल्यावर विचारलेला प्रश्न

गरोदर बाईची एचआयव्ही चाचणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त किटवर टाकायचं, अर्ध्या तासाच्या आत पहिलं उत्तर. त्यामुळे या चाचणीच्या बाबतीत कुणी 'असमानता' म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर डोंगरातला पाडा आणि वाहून गेलेला रस्ता येतो. मी भिवंडीत वाढले. इथे दवाखाना रिक्षाच्या अंतरावर आहे. तरीही एकीची चाचणी तिसऱ्या महिन्यात होते आणि दुसरीची थेट कळा सुरू झाल्यावर, प्रसूतीच्या टेबलाजवळ. नोंदवहीत मात्र दोघींपुढे 'चाचणी केली' अशी एकच खूण पडते.

ही एकच खूण मला खटकते. ती खोटी नाही, पण दोघींना एकच गोष्ट मिळाली असं ती सांगते, आणि ते खरं नाही.

आधी ही दुसरी बाई उशिरा का पोचते ते बघू. 'अज्ञान' हे उत्तर आपल्याला फार आवडतं, कारण मग एक पोस्टर लावलं की काम झालं. शांतीनगर किंवा नारपोलीतल्या एखाद्या गल्लीत उभं राहिलं तर वेगळी कारणं दिसतात. माग चालवणाऱ्याला पैसे कापडाच्या मीटरवर मिळतात, पाळी बारा तासांची. बायको कांडी भरते किंवा गोदामात पॅकिंगला जाते. तिचाही रोज बुडला की बुडला. नाव घालायला सकाळी ओपीडीत रांग लावायची म्हणजे अर्धा दिवस गेला. आधार कार्डावर पत्ता उत्तर प्रदेशातला, बिहारमधला नाहीतर तेलंगणातला. मोबाईल नवऱ्याच्या खिशात, म्हणजे 'तपासणीला या' हा निरोप मागाच्या खडखडाटात त्यालाच येणार. आणि तो रात्री घरी आल्यावर तिला सांगेल, असं गृहीत धरायचं.

शिवाय माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची किती मायेची रीत आहे! पण आरोग्यव्यवस्थेच्या दृष्टीने तिथे दोरा तुटतो. नाव घातलं इथे, बाळंतपण तिथे, आणि कार्ड इथल्या खोलीत पत्र्याच्या पेटीत. उलटही होतं. गावी राहिलेली बाई आठव्या महिन्यात भिवंडीला येते आणि इथल्या आशाताईला ती पहिल्यांदा दिसते तेव्हा पोट खाली उतरलेलं असतं. यात कुणीच दुष्ट नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिला कुणी दारातून हाकललेलं नाही. तिचा वेळ मात्र आधीच इतर सगळ्यांनी वाटून घेतलेला असतो.

आणि या आजारात वेळ हीच औषधाइतकी मोठी गोष्ट आहे. उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचा धोका 15 ते 45 टक्के असतो. वेळेवर उपचार मिळाले तर तो 5 टक्क्यांच्या खाली येतो. आपल्याकडे 2014 पासून प्रत्येक एचआयव्हीबाधित गरोदर बाईला आयुष्यभर औषधं देण्याचं धोरण आहे. पण त्या गोळ्यांनी रक्तातला विषाणू दबायला काही आठवडे, कधी महिने लागतात. तिसऱ्या महिन्यात कळलं तर तेवढे दिवस हातात असतात. कळा सुरू झाल्यावर कळलं तर तेव्हाही औषध देतात, बाळाला जन्मल्याबरोबर सिरप सुरू करतात, आणि पुष्कळदा त्याने बाळ वाचतंही. पण आता सगळं घाईत.

इथपर्यंतचा हिशोब डॉक्टरांचा आहे. मला त्यापुढचा जास्त छळतो.

एचआयव्हीविषयीचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. तो म्हणतो की चाचणीआधी माणसाला नीट समजावून सांगून त्याची संमती घेतली पाहिजे, आणि चाचणीच्या आधी व नंतर समुपदेशन झालं पाहिजे. तिसऱ्या महिन्यात खुर्चीवर बसलेल्या बाईला हे सगळं देता येतं. ती विचारू शकते: मलाच का? हे कुणाला सांगाल का? नवऱ्याला आधी विचारू का? ती उद्या येते म्हणू शकते. आता कळा देत असलेल्या बाईला हेच विचारा. ती काय ऐकणार? 'हो' म्हणेल किंवा नुसती मान हलवेल. तिच्या भाषेत कुणी बोलत असेलच असंही नाही. ती संमती आहे का?

यावर एखादी अनुभवी सिस्टर म्हणेल, 'बाई गं, बाळ वाचवायचं की तुझं तत्त्वज्ञान?' आणि ती बरोबर आहे. त्या क्षणी चाचणी करावी, याबद्दल मला शंका नाही. बाळाचा धोका खरा आहे आणि औषध कपाटात आहे. पण म्हणून तिथे जे घडलं त्याला 'संमती' म्हणायला मी तयार नाही. त्या बाईला चाचणी मिळाली, पण प्रश्न मिळाला नाही. नाही म्हणण्याची किंवा थांबून विचार करण्याची सोयसुद्धा लवकर पोचणाऱ्यांसाठीच राखीव आहे, हे मला फार उशिरा सुचलं. हक्कांचा विचार करताना आपण घड्याळ धरतच नाही.

मध्यमवर्गात तरी विचारतात का, असं तुम्ही म्हणाल. कल्याणच्या माझ्या एका मैत्रिणीला गरोदरपणी तपासण्यांची लांबलचक यादी मिळाली. त्यात एचआयव्ही होतं हे तिला बिलावरून कळलं. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. पण ती दुसऱ्या दिवशी फोन करून डॉक्टरांशी भांडली. भांडायला तिच्याकडे सहा महिने होते.

गरोदर बायकांचं रक्त आणि त्यांना न विचारणं यांचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. देशात एचआयव्ही किती पसरला हे मोजायला 1998 पासून दरवर्षी ठरावीक दवाखान्यांत पाहणी होऊ लागली. गरोदर बायकांचं रक्त सिफिलिसच्या तपासणीसाठी घेतलेलंच असे. त्यातलं उरलेलं रक्त नाव-गाव काढून एचआयव्हीसाठी तपासत. आकडा सरकारला कळे, बाईला नाही. कळवणं शक्यच नव्हतं, कारण नळीवर नाव नसे. महाराष्ट्राची गणना जास्त प्रादुर्भावाच्या राज्यांत झाली ती अशाच आकड्यांवरून. पुढे एखादा जिल्हा कोणत्या गटात घालायचा, हे ठरवतानाही गरोदर बायकांमधलं प्रमाण एक टक्क्याच्या वर आहे का, ते पाहत.

आज वाचताना अंगावर येतं, पण त्या पद्धतीमागे विचार होता. नाव ठेवलं तर गोपनीयता जाणार. आणि सुरुवातीच्या त्या वर्षांत तिच्या हातात द्यायला औषधही नव्हतं. आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याचा कार्यक्रम देशात सुरू झाला तो 2001-02 च्या सुमारास. मग सांगून काय करणार, तर फक्त घराबाहेर काढली जाणार. हा युक्तिवाद मला पूर्ण फेटाळता येत नाही. फक्त 'सांगून काय करणार' हे तिच्यावतीने दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं, आणि तिच्या रक्तावर देशाचं शहाणपण वाढत होतं. प्रसूतीच्या टेबलाजवळ घाईत झालेली चाचणी मला त्याच घराण्यातली वाटते. इथे निदान तिला कळतं, औषध मिळतं. हा फरक लहान नाही. पण दोन्हीकडे तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं ते पोटामुळे.

पोटामुळे लक्ष जाण्याचा आणखी एक परिणाम घरात दिसतो. पुण्याच्या संशोधकांनी, त्यांत डॉ. रमण गंगाखेडकर होते, 1997 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या बायकांपैकी 13.6 टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध आलेला नव्हता. म्हणजे संसर्ग घरात कोण आणतो, हे आपल्याला पंचवीसहून जास्त वर्षं ठाऊक आहे. तरी घरातली पहिली चाचणी होते सुनेची, कारण गरोदर तीच होते. कागद तिच्या नावाचा निघतो, म्हणून बोटही तिच्याकडेच वळतं. ज्याला आधी कळलं त्यानेच आणलं, हे सासरचं तर्कशास्त्र तुम्हीही कुठल्या ना कुठल्या आजारात ऐकलं असेल.

नवऱ्यालाही तपासणीला बोलवा, असं कार्यक्रमात आहेच. पण निरोप नेणार ती, समजूत घालणार ती, आणि त्याचे मीटर बुडाले तर ऐकून घेणारही तीच. खरं तर नवऱ्याची चाचणी आधी किंवा निदान बरोबर का नको, यावर मला अजून पटेल असं उत्तर कुणी दिलेलं नाही. 'पुरुष येत नाहीत' हे उत्तर नव्हे. बायका तरी कुठे आपल्या सोयीने येतात? भिवंडीत माग शुक्रवारी बंद असतात, आणि सरकारी ओपीडीला त्या दिवशी सुट्टी नसते. शुक्रवारी सकाळी दहा वाजता ही सगळी मंडळी नाक्यांवर असतात, चहा पीत, गावी फोन लावून बोलत.