हलणाऱ्या घराचा पत्ता

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला ‘सैनिक टाकळी’ म्हणतात ते गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जात आली म्हणून. फौजेतल्या माणसाला घालायच्या पत्रावर ना सियाचीन लिहायचं, ना तवांग. नंबर, नाव, पलटण आणि शेवटी ‘५६ एपीओ’सारखं लष्करी टपालघर. पलटण आज कुठं आहे हे पोस्टमनला ठाऊक नसायचं. ते ठाऊक लष्करी टपालखात्याला. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीच्या कल्पनेतला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. कोल्हापूरच्या वाट्याला ४१६ आले. फौजेच्या टपालासाठी मात्र पहिला अंक ९, म्हणजे कुठल्याच जमिनीला न बांधलेला.

घरच्या इंटरनेटला नेमका असाच पत्ता हवा असतो. मुलगा पुण्यात, आईवडील कोल्हापूरच्या राजारामपुरीत. त्याला घरचा कॅमेरा बघायचा असतो. पण लाईट जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला, की घराचा आयपी नंबर, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दुसराच. इंटरनेट कंपनी तो भाड्यानं देते, कारण नंबरच कमी. १९८१ साली ठरलेल्या ३२ बिटांच्या मापात जेमतेम ४२९ कोटी नंबर बसतात, आणि जागतिक कोठार ३ फेब्रुवारी २०११ ला रिकामं झालं.

यावर तोड म्हणजे डायनॅमिक डीएनएस. घराला एक कायमचं नाव घ्यायचं. नंबर बदलला की राउटर स्वतःच नावांच्या वहीत नवा नंबर कळवतो. मला यातली शिस्त आवडते: शोधणाऱ्यानं वणवण करायची नाही, जो हलतो त्यानंच खबर द्यायची.

अलीकडे मात्र बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा नंबर देतात. मग नाव बरोबर असूनही हाक कंपनीच्या फाटकावरच अडते, कारण आत कोणाकडे जायचं हे फाटकाला कळत नाही. तिथं घरानंच आतून बाहेर जोडणी करून ठेवावी लागते, नाहीतर १२८ बिटांच्या नव्या मापाचा, आयपीव्ही६चा, आधार घ्यावा लागतो.

फौजेचा पत्ता ठिकाण लपवून माणूस गाठायचा. आपण मात्र कॅमेऱ्याचं दार सताड उघडं टाकतो आणि जगाला नाव सांगतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरनं कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले असे असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांचा मारा मोठमोठ्या संकेतस्थळांची नावांची वही सांभाळणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर झाला. ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अडखळले. या डाइननं धंद्याची सुरुवात केली होती ती घरगुती डायनॅमिक डीएनएसनंच!

म्हणून नाव घेण्याआधी दोन गोष्टी करा. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदला, आणि पोर्ट उघडण्याऐवजी व्हीपीएन लावा. आणि राउटरच्या पानावर बाहेरचा नंबर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर तुम्ही त्या सामायिक फाटकामागे आहात; डायनॅमिक डीएनएसवर पैसे घालू नका. कंपनीकडे आयपीव्ही६ किंवा कायमचा नंबर मागा.