तहानेची एकादशी

कार्तिकीची द्वादशी. पारणे सुटले होते. वाळवंटातील गर्दी पांगू लागली होती. फडाच्या तंबूपाशी एक वृद्ध वारकरी आणि त्यांची कारभारीण येऊन बसली. गृहस्थ जुने ओळखीचे. दिंडीत यांची चाल अशी की तरुणांनी मागे पडावे. आज मात्र एस. टी.ने आलेले, तोंडावर सूज, आणि डाव्या हातावर दोरखंडासारखी फुगलेली शीर.

नमस्कार करून ते म्हणाले, "महाराज, तीस वर्षं पायी वारी केली. आता दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोन दिवस यंत्राला बांधलेला असतो. वारी सुटली. डॉक्टर म्हणतात उपास करायचा नाही, म्हणून एकादशीबी मोडली. मग या गळ्यातल्या माळेचा उपयोग काय राहिला?"

मी बोलणार तोच बाई म्हणाल्या, "महाराज, माळेचं मागनं बघू. आधी ह्यास्नी इचारा, परवा पाण्याचा तांब्या कुणाच्या अंगावर भिरकावला ते."

गृहस्थांनी मान खाली घातली. त्या दोघांना त्या दिवशी जे सांगितले आणि त्यांच्याकडून जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे ठेवतो. कारण हे दुखणे आता पुष्कळ घरांत आहे. मधुमेह आणि रक्तदाब यांनी मूत्रपिंडे निकामी होतात हे खेडोपाडी कळू लागले आहे. पण घरातील दोन माणसांचे मन त्यात कसे निकामी होते, याचा विचार कोणी करीत नाही.

प्रथम दुखण्याचे स्वरूप पाहू. रक्तातील मळ आणि शरीरातील जादा पाणी बाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे काम. ते थांबले की रक्त यंत्रातून फिरवून शुद्ध करावे लागते. यालाच डायलिसिस म्हणतात. एका वेळेस साधारण चार तास लागतात, आणि आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा हे करावे लागते. ताप आला आणि उतरला, असे हे दुखणे नव्हे. नवे मूत्रपिंड बसविले नाही तर बहुतेकांना हे जन्मभराचे असते. म्हणजे ही वारीच आहे. पण हिला मुक्काम नाही आणि पंढरीही दिसत नाही.

या वारीत बाईंचा दिवस कसा जातो, तो ऐका. पहाटे चारला उठायचे, बिनमिठाची भाजी-भाकरी बांधायची, पाचची गाडी धरायची. जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे. त्या खिडकीवरून सहीसाठी दुसरीकडे. तिथे साहेब फेरीला गेलेले. ते आले तर कळते की यंत्र बिघडले आहे, उद्या या. एकदा तर शिधापत्रिकेवरील नावात आणि आधार कार्डावरील नावात एका वेलांटीचा फरक निघाला, म्हणून योजनेची मंजुरी अडली. ती वेलांटी दुरुस्त करण्यासाठी या बाई तीन महिने तहसील आणि दवाखाना यांच्यामध्ये हेलपाटे घालीत होत्या. तोवर उसनवारीने पैसे भरले. अक्षरओळख नसलेली बाई. पण कोणत्या कागदावर कोणता शिक्का लागतो, हे तिला आता कारकुनापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आणि गृहस्थांचे काय? खिडकीपुढे ते हात जोडून "साहेब, साहेब" करीत उभे राहत. एक शब्द वावगा नाही. तो सगळा राग पोटात धरून घरी येत, आणि घरी बाईंनी पाणी मोजून दिले की तो बाहेर पडे. सज्जनहो, इथे क्षणभर थांबा. जिथे स्पष्ट बोलायचे तिथे हात जोडले, आणि जिथे हात जोडायचे तिथे तांब्या फेकला. हा एका घरचा दोष नव्हे. रांगेत सोसलेला अपमान आपण सारेच घरी घेऊन येतो, आणि जो आपल्यासाठी त्या रांगेत उभा होता त्याच्याच पदरात टाकतो.

आता कोणी म्हणेल, "महाराज, हे सगळे प्रारब्ध. भोगूनच संपवायचे." मान्य आहे. परंतु प्रारब्ध हा शब्द ज्याने त्याने आपल्या दुःखापुरता वापरावा. दुसऱ्याच्या दुःखावर तो ठेवू नये. मी आजारी पडलो तर "भोग आहे" म्हणून मी धीर धरावा, हे भक्तीचे लक्षण होय. शेजारी आजारी पडला आणि मी "त्याचा भोग आहे" म्हणून घरी बसलो, तर ते भक्तीचे नव्हे, आळसाचे लक्षण होय. आणि खिडकीवर माणूस नाही, यंत्र महिनाभर बंद आहे, हे तर प्रारब्ध मुळीच नव्हे. ती माणसांच्या कामातील कसूर आहे, आणि माणसांनीच ती दूर केली पाहिजे.

दुसरा कोणी म्हणेल, "यंत्र सोडा, अमक्याचा अंगारा लावा, तमक्याची मुळी उगाळून घ्या." अशांपासून दूर राहा. अशा रोग्याने डॉक्टरला न विचारता डायलिसिस सोडले तर थोड्याच दिवसांत प्राणावर बेतते, आणि काही जडीबुट्यांनी उरलीसुरली मूत्रपिंडेही बिघडतात. पांडुरंगाचे नाव घ्या, ते यंत्रावर बसूनही घेता येते.

असो. आता त्या तांब्याकडे वळू. या रोगात पाणी मोजून प्यावे लागते. किती, ते ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतात. पण पुष्कळांना चहा, ताक, आमटी धरून सगळ्या दिवसाचे पाणी एखाद्या लिटरच्या आसपास भागवावे लागते. जास्त झाले तर ते बाहेर पडायला वाट नसते. अंगावर सूज येते, ते फुप्फुसात उतरते, आणि माणूस रात्री उठून बसतो, श्वास पुरत नाही. दुपारचे ऊन, घशाला कोरड, आणि हंडा समोर भरलेला. अशा वेळी बाईंनी तांब्या हातातून काढून घेतला, आणि गृहस्थांनी तो हिसकावून भिरकावला.

आपल्याला नाथमहाराजांची कथा ठाऊक आहे. रामेश्वरासाठी काशीहून आणलेले कावडीतील गंगाजल त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. तहानलेल्याला पाणी द्यावे, यापरता धर्म नाही, असे आपण त्यातून शिकलो. आणि इथे या माउलीच्या वाट्याला कोणता धर्म आला? ज्याच्यासाठी पहाटे चारला उठायचे, त्याच माणसाला तहानलेला पाहून पाणी नाही म्हणायचे! नाथांची सेवा अवघड खरी, पण तिला जग साधु म्हणाले. हिला तिचाच नवरा वैरीण म्हणाला.

मी गृहस्थांना एवढेच विचारले, "नाथांनी त्या जिवाची गरज पाहिली की कावडीचे पुण्य पाहिले?" ते म्हणाले, "गरज." मी म्हणालो, "मग ही तरी दुसरे काय करते? गाढवाचा जीव पाण्याने वाचत होता, तुमचा न पिण्याने वाचतो. कथा एकच आहे." दुसऱ्याला आवडेल ते देणे सोपे असते. त्याच्या जिवाला लागेल ते देणे, आणि त्यापायी त्याचा रोष सोसणे, ही खरी सेवा. लोकांना ती बहुधा दिसतही नाही.

आणि एकादशी? आपला उपास म्हणजे काय, ते जरा परातीत पाहा. बटाटा, रताळी, केळी, खजूर, शेंगदाण्याचे कूट, वर शहाळ्याचे पाणी. या सर्वांत पोटॅशियम नावाचा क्षार पुष्कळ असतो. निरोगी माणसाच्या शरीरातून तो बाहेर जातो. या रोग्याच्या रक्तात तो साठतो आणि हृदयाचे ठोके चुकतात, प्रसंगी थांबतात. म्हणून डॉक्टर नको म्हणतात. उपास या शब्दाचा अर्थच देवाजवळ राहणे. आम्ही महिन्यातून दोन दिवस अन्न आवरतो आणि त्याचा केवढा बोभाटा करतो! तुम्ही रोज पाणी आवरता. तुमची एकादशी मोडली नाही. ती तहानेची होऊन रोज तुमच्याकडे आली आहे. फक्त ती चिडून करू नका. रागावून केलेले व्रत शरीर कष्टविते, मन धूत नाही.

वारीचे म्हणाल, तर अरणचे सावता महाराज आठवा. परंपरा सांगते की ते आपला मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना पांडुरंग भेटला. आणि आजही पंढरीच्या पांडुरंगाची पालखी अरणला जाते. पुंडलिकाचेही तेच. दारी देव आला असता त्याने आईबापांची सेवा अर्ध्यावर टाकली नाही. वीट पुढे केली आणि थांब म्हणाला. देव थांबला. ज्याने वाट पाहणे सोसले, तोच आपला देव. मग दवाखान्याच्या बाकावर चार तास वाट पाहणारी ही बाई कोणाच्या शेजारी बसली आहे, ते तुम्हीच सांगा.

परंतु हे ऐकून पुरुषमंडळींनी माना डोलावू नयेत. सेवा हा बायकांचाच धर्म आहे असे संतांनी कुठेही सांगितलेले नाही. 1994 च्या कायद्याने पतिपत्नी एकमेकांना मूत्रपिंड देऊ शकतात. पण आपल्या देशात देणाऱ्यांत बायका अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, हे कशाचे लक्षण? उद्या ती आजारी पडली तर पाचची गाडी कोण धरील? भाकरी कोण बांधील? या बाईंनाही मधुमेह आहे, म्हणूनच त्यांचे मूत्रपिंड घेता आले नाही. त्यांच्या स्वतःच्या तपासणीचा कागद सहा महिने फडताळात पडून होता. मी विचारले तेव्हा गृहस्थांना ते ठाऊकच नव्हते.

म्हणून सांगतो, सेवा घेणाऱ्यालाही साधना आहे. तिचे नियम थोडे आहेत. पाणी स्वतः मोजावे, सकाळीच दिवसाचे पाणी एका भांड्यात काढून ठेवावे, म्हणजे दुसऱ्याला पहारेकरी व्हावे लागत नाही. मीठ सोडले की तहान आपोआप कमी होते. आठवड्यातून एक सांजवेळ तिला भजनाला जाऊ द्यावे आणि आल्यावर "कशाचे निरूपण होते" म्हणून पुसावे. तिचे औषध तिने घेतले की नाही, हे आपण पाहावे.

आणि दोघांनी मिळून दवाखान्यात नीट बोलावे. सगळे कागद एका पिशवीत, तारखेप्रमाणे. प्रश्न घरून लिहून न्यावेत. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. महाराष्ट्रात 2012 साली सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा फुले यांच्या नावाने चाललेली जनआरोग्य योजना आहे. कुटुंबास वर्षाला दीड लाखापर्यंत असलेली तिची मर्यादा पाच लाख करण्याचा निर्णय 2023 साली झाला. योजनेतील दवाखान्यात आरोग्यमित्र नेमलेला असतो, त्याला गाठावे. जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस मिळावे म्हणून केंद्र सरकारचा कार्यक्रम 2016 साली सुरू झाला. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, आपलाच हक्क आहे. तो मागताना लाचार होऊ नये आणि शिवीही देऊ नये. खिडकीमागे बसलेला माणूसही शंभर लोकांचे बोलणे खाऊन बसलेला असतो. ठामपणे बोलणे आणि कडू बोलणे, यांत फरक आहे.

शेवटी एक शब्द तुम्हा आम्हा निरोग्यांना. दिंडीत एखाद्याचा पाय सुजला तर आपण त्याचे ओझे वाटून घेतो. मग तोच माणूस घरी खाटेला खिळला की त्याला विसरतो कसे? गावच्या भजनी मंडळाने पाळी लावावी. महिन्यातून एकदा एकाने रोग्याबरोबर जावे, त्या दिवशी घरच्या माणसाला विसावा मिळेल. हे कीर्तनाइतकेच पुण्याचे आहे.

त्या दांपत्याचे पुढे काय झाले? रोग आहे तिथेच आहे. वेलांटी दुरुस्त झाली. यंत्र अजूनही मधून मधून बंद असते. परवा मी त्या दवाखान्यात गेलो होतो. आत नातेवाइकांना बसू देत नाहीत. गृहस्थ आत खाटेवर, सुया टोचलेला हात हलवायचा नाही म्हणून स्थिर ठेवलेला. बाई बाहेर बाकावर. बाईंनी मला खूण करून शेजारी बसविले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखविले. दहा वाजले आणि त्यांचे ओठ हलू लागले. हरिपाठ चालला होता.

नंतर त्या म्हणाल्या, "आत ह्येबी ह्याच टायमाला म्हणत्यात. आवाज येत न्हाई, पन ठाव असतं."

सज्जनहो, मी चाळीस वर्षे कीर्तने ऐकली आणि केली. पण त्या बंद दाराच्या दोन बाजूंना चाललेला तो हरिपाठ ऐकू न येताही मला ऐकू आला. ज्यांच्या घरी असे दुखणे आहे, त्यांना पांडुरंग तसाच धीर देवो. आणि ज्यांच्या घरी नाही, त्यांना उठून त्या बाकावर जाऊन बसण्याची बुद्धी देवो.

राम कृष्ण हरि.