शून्य वॉट आणि न मिळालेला आकडा

पॉवर मीटर हे सायकलस्वाराचे श्रम वॉटमध्ये मोजणारे साधन आहे. क्रँक, पेडल किंवा मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेले स्ट्रेन गेज धातूवर येणारा सूक्ष्म ताण टिपतात. त्यावरून टॉर्क काढतात आणि त्याला फिरण्याच्या वेगाने गुणले की शक्ती मिळते. जर्मन अभियंता उलरिख शोबेरर यांनी १९८६ मध्ये पुढे आणलेले हे तंत्र पूर्वी प्रयोगशाळा आणि व्यावसायिक संघांपुरते होते. आता पन्हाळा-जोतिबाच्या चढावर सराव करणारा हौशी सायकलस्वारही ते वापरू शकतो. सेन्सरने बिनतारी पाठवलेला आकडा हँडलवरचा सायकल कॉम्प्युटर फाइलमध्ये उतरवतो. या उतरवलेल्या आकड्याला ज्ञान केव्हा म्हणावे, हा प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्राच्या कक्षेतला आहे.

न्यायदर्शनात यथार्थ अनुभवाला प्रमा म्हणतात: वस्तू जशी आहे तशीच तिची जाणीव. ही जाणीव बिघडते ती बहुधा ज्या साधनाने ती होते त्याच्या दोषाने. पॉवर मीटरमधला असा पहिला दोष शून्याच्या जागेचा. तापमान बदलले की धातू आणि गेज यांचे वाचन सरकते. म्हणून हिवाळ्यात घरातून बाहेर काढलेली सायकल थोडा वेळ बाहेरच्या हवेत ठेवून, पेडलवर पाय नसताना झिरो ऑफसेट घ्यावा लागतो. दुसरा दोष चुकीच्या नोंदीचा. पेडलमधल्या मीटरला क्रँकची लांबी सांगावी लागते. प्रत्यक्षातली क्रँक १७० मिलिमीटरची आणि नोंद १७५ ची असेल, तर प्रत्येक आकडा सुमारे ३ टक्क्यांनी फुगतो. असा आकडा रोज सारखाच येतो, म्हणून विश्वासार्ह वाटतो. पण सातत्य म्हणजे यथार्थता नव्हे.

एकाच बाजूला बसणारे मीटर डाव्या पायाची शक्ती मोजून ती दुप्पट करते. इथे उजव्या पायाचे प्रत्यक्ष नाही, अनुमान आहे. दोन्ही पाय नेहमी सारखाच जोर लावतात, ही त्या अनुमानाची व्याप्ती, म्हणजे ते ज्यावर उभे आहे तो अपवादहीन नियम. दमलेल्या किंवा दुखापतीतून सावरणाऱ्या स्वाराच्या बाबतीत ती मोडते, आणि व्याप्ती मोडली की अनुमानही टिकत नाही. कॉम्प्युटर मात्र दोन्ही प्रकारचे आकडे एकाच रकान्यात, एकाच रूपात दाखवतो.

सर्वांत सूक्ष्म प्रश्न शून्याचा आहे. घाट उतरताना पाय थांबतात आणि शक्ती खरोखरच शून्य होते. चढावर कधी सेन्सरचा सिग्नल तुटतो, तेव्हाही काही फाइलींत शून्यच दिसते. पहिले शून्य हे अभावाचे ज्ञान आहे, दुसरे ज्ञानाचा अभाव. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न आढळण्याला, ज्ञानाचे स्वतंत्र साधन (प्रमाण) मानतात. नैयायिक अभावाचे ज्ञान प्रत्यक्षातच घालतात. पण एक अट दोघांनाही मान्य आहे: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर तो नाही असे म्हणता येते. अंधारात म्हणता येत नाही. सेन्सर जागा आहे, सिग्नल पोहोचतो आहे आणि तरीही शक्ती नाही, एवढे ठरले तरच शून्य लिहिण्याचा अधिकार येतो. एरवी ती जागा रिकामी सोडणे हेच प्रामाणिक.

हा भेद किती मोठा आहे हे हिशेबात दिसते. समजा स्वार २० मिनिटे सरासरी २२५ वॉटने चढला आणि ८ मिनिटे पाय न हलवता उतरला. शून्ये धरली तर २८ मिनिटांची सरासरी १६१ वॉट होते. वगळली तर २२५ राहते, आणि उतारावरची विश्रांती जणू घडलीच नाही. उलट चढावर २ मिनिटे सिग्नल तुटून तिथे शून्ये पडली, तर चढाची सरासरी २०३ वर घसरते. म्हणून सरासरीत शून्ये धरण्याची सेटिंग चालू हवी आणि नोंद दर सेकंदाला हवी. बदल झाला तरच नोंद करणारी सेटिंग वॉटच्या चढउतारांना पुरत नाही. सिग्नल तुटल्यावर काही कॉम्प्युटर शेवटचा आकडाच काही क्षण धरून ठेवतात. न्यायमतात तो अनुभव नव्हे, स्मृती. आणि स्मृतीला नैयायिक प्रमा मानत नाहीत.

एवढी काळजी घेतल्यावरही आकडा खरा कशावरून, हे उरतेच. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक ज्ञान किंवा साधनातला दोष आढळेपर्यंत त्यावर विश्वास ठेवावा. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून, मुख्यतः यशस्वी प्रवृत्तीवरून, म्हणजे त्या ज्ञानानुसार केलेली कृती सफल झाल्यावरून, कळते. आसपासच्या सपाटीहून सुमारे ४०० मीटर उंच असलेला पन्हाळा अशा बाहेरच्या साक्षीसाठी सोयीचा आहे. सायकलसह ८० किलो वजन २० मिनिटांत ३०० मीटर वर न्यायला केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध १९६ वॉट लागतात. टायरचे घर्षण, हवेचा विरोध आणि साखळीतला अपव्यय त्यात वाढतो. वारा पाठीशी नसताना मीटरने सरासरी १८० दाखवली, तर वजन-उंचीचा हिशेब तपासून मीटर सदोष मानावे लागते. चढाने त्याचे बाधक ज्ञान दिलेले असते.

व्यवहारात दोन्ही मतांना आपापली जागा आहे. सराव चालू असताना दर सेकंदाचा आकडा तपासत बसता येत नाही. तिथे मीमांसकांची वाट धरावी लागते. महिन्यांची प्रगती ताडून पाहताना, मीटर किंवा क्रँक बदलल्यावर, अथवा एका स्वाराची दुसऱ्याशी तुलना करताना नैयायिकांची बाहेरची कसोटी लागतेच. आणि ही कसोटी लावता यावी म्हणून मूळ नोंदीत मोजलेले, अनुमानाने काढलेले, धरून ठेवलेले आणि न मिळालेले आकडे वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.