आकडा आणि माणूस

बेसबॉलमध्ये 'परफेक्ट गेम' म्हणजे समोरच्या सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाजांपैकी एकालाही पहिला बेस गाठू न देणं. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये 2 जून 2010च्या सकाळपर्यंत असं फक्त 20 वेळा घडलं होतं. त्या संध्याकाळी डेट्रॉईटच्या आर्मांडो गॅलारागाने क्लीव्हलँडचे सलग 26 फलंदाज बाद केले. सत्ताविसाव्याचा फटका अडला, गॅलारागा धावत बेसवर पोचला, चेंडूही त्याच्या हातात वेळेत आला. पंच जिम जॉइस यांनी मात्र दोन्ही हात पसरले: सेफ, म्हणजे नाबाद!

गॅलारागा हसला आणि पुढच्या फलंदाजाला बाद करायला मागे वळला. सामन्यानंतर चित्रफीत पाहून जॉइस यांनी चूक सर्वांदेखत कबूल केली, गॅलारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी घेऊन तोच पंचांपाशी गेला, तेव्हा जॉइस यांचे डोळे भरून आले होते. कमिशनर बड सेलिग यांनी निकाल बदलला नाही. 2014पासून असे निर्णय चित्रफितीवर तपासता येऊ लागले, पण गॅलारागाच्या नावावर परफेक्ट गेम आजही नाही.

त्याच्यावर अन्याय झाला, यात शंका नाही. तरीही नोंद बदलली नाही हे मला बरं वाटतं. ती बदलली असती तर तो यादीतला एकविसावा झाला असता आणि या दोघांची वागणूक तळटीपेत गेली असती.

बास्केटबॉलमधला सर्वांत प्रसिद्ध आकडा याच्या उलट आहे. 2 मार्च 1962ला पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शी गावात विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात 100 गुण केले. त्याची चित्रफीत नाही. आकडा तेवढा अढळ आहे. पण शेवटी समोरच्या निक्स संघाचे खेळाडू विल्टकडे चेंडू जाऊ नये म्हणून त्याच्या सोबत्यांना मुद्दाम फाउल करत होते आणि विल्टचा वॉरियर्स संघ चेंडू परत मिळावा म्हणून निक्सना. विजय केव्हाच ठरला होता, धावपळ सगळी शंभरासाठी चालली होती.

मला त्या रात्रीतलं मोठं वाटतं ते दुसरंच. फ्री थ्रोमध्ये एरवी कच्चा असलेल्या विल्टने 32पैकी 28 टाकले, तेही दोन्ही हातांनी, खालून वर. दिसायला ओबडधोबड, पण त्याला लाभलेली पद्धत. पुढे त्याने ती सोडली. आपण बायकी दिसतो असं वाटायचं, हे त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहिलं. शंभर गुण करणाऱ्या माणसाला लोकांच्या हसण्याची भीती वाटली, आणि त्याचे फ्री थ्रो पुन्हा हुकू लागले.