मजुरीचा पैसा कुठे जातो?

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, अर्थशास्त्रज्ञ पॉल रोझेनस्टाइन-रोडान यांनी पूर्व युरोपच्या औद्योगिकीकरणावर एक निबंध लिहिला. त्यात बुटांच्या कारखान्याचे उदाहरण आहे. शेतीवर रिकामे असलेले २० हजार मजूर अशा एका कारखान्यात घेतले, तर त्यांच्या हाती पैसा येईल. पण ते सगळा पैसा बुटांवर थोडाच खर्चणार? माल पडून राहील, या भीतीने एकटा भांडवलदार कारखाना काढायला धजत नाही. त्याऐवजी दहा लाख मजूर एकदमच अनेक उद्योगांत घेतले, आणि मजूर ज्यावर मजुरी खर्च करतात त्याच वस्तू ते उद्योग बनवू लागले, तर एका कारखान्याचे कामगार दुसऱ्याचे गिऱ्हाईक होतात.

यातले ‘एकदमच’ नियोजनकारांनी उचलले. मजुराच्या खर्चाची अट मागे पडली. भारताच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे दुखणे मला इथेच दिसते.

या योजनेचा आराखडा प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा. त्यात समन्वय होता, पण तो यंत्राचा यंत्राशी. भिलाई, राउरकेला, दुर्गापूर इथे पोलादाचे कारखाने उभे राहिले. निर्यातीतून पुरेसे परकीय चलन मिळणार नाही असे धरले, की यंत्रे घरीच करणे भाग होते. हा तर्क उथळ नव्हता. पण भिलाईच्या बांधकामावरचा मजूर पगार झाल्यावर तांदूळ, तेल, मीठ आणि कापड घेतो. आणि शेती-पाटबंधाऱ्यांचा वाटा मात्र पहिल्या योजनेतल्या सुमारे ३१ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला होता.

मुंबई विद्यापीठातले सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्येच याला हरकत घेतली. गरीब देशाचे पहिले भांडवल म्हणजे मजुराला पुरवता येईल असे धान्य आणि कापड, ही त्यांची भूमिका. खेड्यात काम नसलेला माणूसही घरच्या ताटात जेवत असतो. तो कालव्याच्या कामावर गेला की त्याचे अन्नही तिथे पोचायला हवे. नाहीतर मजुरीबरोबर भाव चढत जातात. धान्य वाढवायला धरणे आणि खते लागतात, त्यांना पोलाद-सिमेंट लागते, याला त्यांच्या मांडणीत पुरेसे वजन नव्हते हे खरे. तरी प्रश्न त्यांनी अचूक विचारला होता.

ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकी धान्यासाठी पीएल-४८० करार झाला. पुढे परकीय गंगाजळी आटली. १९६६ मध्ये एक कोटी टनांहून अधिक धान्य आणावे लागले आणि पंचवार्षिक योजना तीन वर्षे थांबली. दुष्काळ आणि १९६५ चे युद्ध ही कारणे होतीच. पण एका पावसाने योजना कोलमडावी इतकी ती अन्नाच्या बाजूने उघडी होती.

आज धान्याची कोठारे भरलेली आहेत. मजुरी खाते ते घरभाडे. औद्योगिक पट्ट्यांच्या आराखड्यांत रस्ता, वीज, पाणी यांची सांगड घातली जाते, कामगाराच्या बिऱ्हाडाची क्वचितच. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या वसतिगृहवजा घरांची घोषणा केली, ते चांगलेच झाले. मात्र वसतिगृहात एकटा माणूस राहतो. बायको-मुले गावी ठेवून आलेला कामगार दोन चुली चालवतो, आणि वाढीव पगार मागतो तो त्यासाठीच. कारखान्याची जागा ठरवणाऱ्या बैठकीतच कुटुंबाचे घर, शाळा आणि दवाखाना यांचा खर्च मंजूर झाला पाहिजे.